तिसऱ्या खांबाजवळचा आवाज

माझा मामा दर रविवारी चर्चमध्ये मतांगीकार म्हणतो, पण सगळा एकाच आवाजात म्हणत नाही. मतांगीकार म्हणजे आपण कशाकशावर विश्वास ठेवतो त्याची यादी. ती सगळ्या मंडळीने उभं राहून, एका सुरात, पुढच्या माणसाच्या मानेकडे बघत म्हणायची असते. लहानपणापासून पाठ असल्यामुळे म्हणता म्हणता दुसरा विचार छान करता येतो. मी स्वतः तेवढ्या वेळात आठवड्याची भाजी ठरवतो. मामाला हे जमत नाही. तो काही ओळी खणखणीत म्हणतो, काही पुटपुटतो, आणि एका जागी तोंड मिटून उभा राहतो. ती जागा गेली की पुन्हा चालू.

हे सोळा वर्षं चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण शेजारी मामी उभी असते. मामीचा आवाज दोघांना पुरून उरतो. घरातही मामाच्या वाटचं बोलणं तिनेच अंगावर घेतलेलं आहे, त्यामुळे देवाघरी तिला वेगळं काही करावं लागत नाही.

बिंग फुटलं ते दातांच्या डॉक्टरमुळे.

आमच्या मंडळीतल्या नऊ म्हाताऱ्यांना आता चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. त्यांना घरबसल्या उपासना ऐकता यावी म्हणून कमिटीने एक माइक आणला आणि तिसऱ्या खांबाला अडकवला. तिसराच खांब का, तर तिथे आधीच एक खिळा होता. रेकॉर्डिंगचं काम दातांच्या डॉक्टरने हौसेने घेतलं. हा माणूस सोमवारी दवाखाना बंद ठेवून कानाला मोठे हेडफोन लावून बसतो, खोकले कापतो, बाकांचे आवाज कापतो. ज्याचा जन्म लोकांच्या तोंडातल्या पोकळ्या शोधण्यात गेला, त्याला एक मतांगीकारातही सापडली. तिसऱ्या खांबाला टेकून माझा मामा बसतो, हे सांगायला नकोच.

कमिटीची बैठक लागली. मी कमिटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे जे घडलं त्यातलं जे घडायला हवं होतं तेवढं वहीत लिहितो. आम्ही सात जण. अध्यक्ष पाळकसाहेब, वयाने तरुण, येऊन चारच महिने झालेले, अजून प्रत्येक गोष्ट खरी धरणारे. मग हेडबाई. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, कमिटीतून नाहीत. इथे त्यांना बावीस वर्षं झाली. मी आणि डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे आमच्या मतांना अजून त्या मनातल्या मनात गुण देतात. मग डॉक्टर, मी आणि तीन जण जे अनुमोदन देतात.

डॉक्टरने रेकॉर्डिंग लावलं. "हा जाड आवाज ऐका. आता... 'अधोलोकात उतरला.' बघा, काय दणका! एवढा दणका या ओळीला अख्ख्या चर्चमध्ये कुणी देत नाही. आणि आता पुढे ऐका. 'पवित्र सार्वत्रिक मंडळी, पवित्र जनांची संगती'... गेला! गायब! आणि आता परत आला. मी पाच रविवार तपासले. पाचही रविवारी इथेच."

"हेडफोन काढून बोल," हेडबाई म्हणाल्या. "ओरडतोयस."

"इन्स्पेक्टरच आहेत ना हे?" पाळकसाहेबांनी विचारलं. मामा लिफ्ट इन्स्पेक्टर होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण हुद्दा चिकटला तो चिकटलाच.

"तेच," डॉक्टर म्हणाला. "मला आधी वाटलं, दमा असेल."

"दम्याला बरी नेमकी ओळ सापडते," हेडबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझा मामा ना? खरं सांग, दुसऱ्या कुठल्या चर्चला जायला लागलेत का? बुधवारी संध्याकाळी कुठे असतात?"

"बुधवारी ते बिल्डिंगच्या पायऱ्या चढतात, बाई. गुडघ्यांसाठी."

"लिफ्ट इन्स्पेक्टर, आणि पायऱ्या?"

"ते म्हणतात, मला माहितेय म्हणूनच."

पाळकसाहेबांनी मग 'सार्वत्रिक' या शब्दाचा इतिहास सांगितला. वीस मिनिटं लागली. मी वहीत लिहिलं, 'पाळकसाहेबांनी शब्दाचा अर्थ स्पष्ट केला', आणि सार्वत्रिक हा शब्द आम्हा सगळ्यांना पहिल्यापेक्षा अवघड वाटायला लागला.

एरवी हे प्रकरण इथेच, चहाबरोबर, संपलं असतं. पण पुढच्याच्या पुढच्या रविवारी मामाच्या नातीचा बाप्तिस्मा होता, आणि तिचा धर्मपिता म्हणून मामा उभा राहणार होता. धर्मपित्याने बाळाला हातावर घेऊन, मंडळीकडे तोंड करून, सगळा मतांगीकार म्हणायचा असतो. बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने.

"मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती," पाळकसाहेब कळवळून म्हणाले. "आता माहीत आहे. त्यांनी ती ओळ म्हटली तर मी त्यांना खोटं बोलायला लावलं. नाही म्हटली तर विधी अपुरा. मग त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी बघा, असं सांगावं लागेल."

ठरलं असं की गुरुवारी पाळकसाहेब आणि हेडबाई मामाच्या घरी जाऊन बोलतील, आणि शनिवारी कमिटी निर्णय घेईल. मामाला आगाऊ कल्पना देण्याचं काम भाच्याकडे आलं. नात्याचे असे फायदे असतात.

मी गेलो तेव्हा मामा बैठकीच्या खोलीत मधोमध उभा होता. हातावर पिठाची पिशवी, आडवी, टॉवेलात गुंडाळलेली. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"बोलू नकोस त्यांच्याशी," मामी म्हणाली. "लोड टेस्ट चालू आहे."

"सहा किलो दोनशे," मामा म्हणाला. "बाळाचं काल वजन केलं. मी सहा किलो आठशे घेतलेत. जास्त वजनावरच तपासायचं असतं. बावीस मिनिटं उभं राहायचंय, तीसचा सराव हवा."

"बाबा, पिशवीला मान नसते," आतून माझी मामेबहीण ओरडली. "मान धरायची प्रॅक्टिस करा!"

"मान उद्या," मामा म्हणाला.

हा उत्साह कशामुळे, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बत्तीस वर्षांपूर्वी या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मामा तिथे नव्हता. मेकॅनिक होता तेव्हा. रविवारी सकाळी एक लिफ्ट दोन माणसांसकट अडकल्याचा निरोप आला, आणि 'अर्ध्या तासात येतो' म्हणून कोट घालून गेला तो संध्याकाळी पाय प्लास्टरमध्ये घालून परत आला. मामीने त्याला ते माफ केलं. फक्त त्यानंतर तो 'अर्ध्या तासात येतो' म्हणाला की ती ताटावर झाकण ठेवते.

मी कमिटीचं सांगितलं. मामाने पिशवी खाली ठेवली नाही. घड्याळाकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात देतील तिला?"

"तसं ठरलं तर."

"अहो, म्हणून टाका की ती एक ओळ!" मामी म्हणाली. "काय जातंय तुमचं? मी नाही का सगळं म्हणत?"

"तू म्हण. मी न तपासता सही करत नाही."

"सही कुठे मागतायत? तोंडी आहे!"

"तोंडी सही," मामा म्हणाला, आणि तीस मिनिटं पूर्ण करून पिशवी हळूच, मान सांभाळून, सोफ्यावर ठेवली.

गुरुवारी पाळकसाहेब आणि हेडबाई आले. मामीने चांगले कप काढले होते, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. बाळ पाळण्यात जागं होतं आणि स्वतःच्या मुठीकडे संशयाने बघत होतं. पाळकसाहेबांनी घसा साफ करून सुरुवात करायच्या आतच मामाने टेबलावर एक कागद ठेवला.

खात्याने तपासणीचा फॉर्म बदलला तेव्हा जुन्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा रद्दीत निघाला होता. मामाने तो वाचवला. आता त्यातल्या एकावर, डाव्या बाजूला जिथे दोर, ब्रेक, दरवाजे असं लिहायचं असतं तिथे, त्याने मतांगीकाराच्या ओळी लिहिल्या होत्या. पुढे तीन रकाने छापलेलेच होते: 'तपासले, ठीक'. 'तपासता आले नाही'. 'वापर बंद'. आणि शेवटी शेरा.

"ठीक असेल ते मी मोठ्याने म्हणतो," मामा म्हणाला. "तपासता आलं नाही ते हळू म्हणतो. नाकारत नाही, पण मला काय माहीत? आणि वापर बंद म्हणजे बंद."

पाळकसाहेब वाचू लागले. कुमारीपासून जन्मला, या ओळीपुढे 'तपासता आले नाही' असं होतं आणि शेरा होता: 'त्या वेळी हजर नव्हतो. आईचा शब्द मानतो.' देहाचं पुनरुत्थान, तेही 'तपासता आले नाही', शेरा: 'लवकरच'.

"अहो, हे काय लिहिलंत!" मामी म्हणाली.

"वय बघ माझं."

पाळकसाहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं. "अधोलोकात उतरला. तपासले, ठीक?" त्यांनी वर बघितलं. "इन्स्पेक्टर, प्रभू मेल्यावर मेलेल्यांच्या जगात उतरला, या ओळीवर सेमिनरीत, पाळकाच्या परीक्षेत, मला शंभरात चाळीस मिळाले होते. तुम्ही कशी तपासलीत?"

मामाने चहाचा कप बाजूला ठेवला. ही गोष्ट तो फारशी सांगत नाही. मी दोनदाच ऐकली आहे आणि दोन्ही वेळी एवढीच होती, त्यात काही वाढलं नव्हतं.

"हिच्या आईचा बाप्तिस्मा होता त्या दिवशी. अडकलेल्या दोघांना वरून काढलं, घरी पाठवलं. मग म्हटलं, खाली खड्ड्यात एकदा नजर टाकू. लिफ्टच्या तळाला खड्डा असतो. शिडीची पायरी तुटली. पडलो. पाय गेला, बॅटरी फुटली. वॉचमनला वाटलं साहेब निघून गेले, त्याने वरचं दार लावून घेतलं. पाच तास होतो. ओरडून आवाज गेला. मग शिव्या दिल्या, त्याही संपल्या. वर सगळे नवे कपडे घालून पोरीला पाणी लावत असतील, आणि बाप ग्रीसमध्ये बसलाय. तेवढ्यात कळलं की शेजारी कुणीतरी बसलंय."

"कोण?" पाळकसाहेबांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना स्वतःलाच जरा लाजल्यासारखं झालं.

"तोच."

"काही बोलला?"

"नाही. मीच बोलत होतो. तो बसून होता. घाई नव्हती त्याला."

"पण अंधारात... तुम्ही ओळखलं कसं?"

"पाळकसाहेब, तुम्ही आईला कसं ओळखता? ओळखपत्र बघून?" मामा म्हणाला. "तीन महिन्यांनी पाय बरा झाला तेव्हा मी तो खड्डा मोजायला गेलो. मधे स्प्रिंग असतात, त्यांनी अर्धी जागा खाल्लेली. उरते तिथे एक माणूस मावतो, तोही पाय दुमडून. त्या दिवशी आम्ही दोघं होतो. मोजमाप फॉर्ममध्ये बसेना, म्हणून लिहिलं नाही. पण तो खाली उतरतो का, तर उतरतो. मी तिथेच होतो. माणूस ओळखीचा आहे. त्याचे कागद अजून वाचतोय."

बाळाने शेवटी मूठ तोंडात घातली आणि तपासली.

हेडबाईंना भावना आवरायची तीस वर्षांची सवय आहे. त्यांनी कागद ओढून घेतला. "ते सगळं ठीक आहे. पण ही ओळ. 'पवित्र सार्वत्रिक मंडळी'. वापर बंद? पवित्र जनांची संगती, तीही बंद? यात तुम्हाला तात्त्विक अडचण काय आहे?"

"तात्त्विक काही नाही," मामा म्हणाला. "मी अकरा वर्षं कमिटीत होतो."

पाळकसाहेबांना ठसका लागला.

"बाई, तुम्हाला आठवत असेल. एक बाई आली होती. नवरा गेला होता तिचा. तो बसायचा त्या बाकाला त्याच्या नावाची छोटी पाटी लावू द्या, एवढंच मागत होती. पाटी पितळेची की लाकडाची, यावर आपण चौदा महिने बसलो."

"पितळ काळं पडतं," हेडबाई म्हणाल्या.

"बघा."

"मी तत्त्वाचं बोलत होते!"

"मी पण होतो. मी पितळेच्या बाजूचा होतो, त्वेषाने. चौदा महिन्यांनी ठराव झाला तेव्हा कळलं, ती बाई केव्हाच यायची बंद झाली होती. पुढच्या रविवारी उभा राहिलो, 'पवित्र मंडळी' आलं, आणि तोंड उघडेना. माझ्यासकट सांगतोय. दोर तुटायला आलेला दिसतोय आणि मी 'ठीक' लिहू? त्यात माणसं बसतात, बाई."

हेडबाई लाल झाल्या. त्या रागावल्या की शुद्ध बोलतात. "याचा अर्थ, आपण एकटेच तेवढे प्रामाणिक, आणि आम्ही बाकीचे दर रविवारी खोटे बोलतो."

"मी कुठे तपासलंय तुम्हाला?" मामाने गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. "ज्याने त्याने आपापलं तपासायचं असतं."

"मला तपासण्यासारखं काही नाही," हेडबाई म्हणाल्या. पण कागद वाया जाऊ द्यायचा नाही या शिस्तीने त्यांनी तो चौपट घडी करून पर्समध्ये टाकला. पाळकसाहेबांनी जाताना बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मामाला म्हणाले, "मला तुमच्यासारखं कुणी भेटलं नाही अजून. मी पुस्तकातूनच आलो." मामा म्हणाला, "रस्ता वेगळा, बिल्डिंग तीच." मग दार लावून आत आला आणि पिठाची पिशवी उचलली.

शनिवारी सकाळी कमिटी बसली. पाळकसाहेबांनी गुरुवारचा सगळा वृत्तांत सांगितला, पाटीसकट. कुणी कुणाकडे बघेना. अनुमोदनवाल्यांपैकी एक जण त्या काळी लाकडाच्या बाजूचा होता.

"म्हणजे परवानगी नाकारायची," डॉक्टर म्हणाला. "नियम नियम आहे."

मी पेन उघडलं. "कारण काय लिहू? ही वही वर तपासायला जाते."

"लिहा की, अमुक ओळ मान्य नाही."

"का मान्य नाही, ते विचारतील. 'कमिटीतील प्रत्यक्ष अनुभवावरून', असं लिहू?"

नियम आणि अब्रू यांत निवड करायची वेळ आली की आमची कमिटी नेहमी चहा मागवते. तसा तो मागवला. अर्धा प्याला झाल्यावर हेडबाई बोलल्या.

"माझी सूचना वेगळी आहे. तिसऱ्या खांबाजवळ आवाज नीट येत नाही. माइक पहिल्या खांबाला लावावा."

"बाई, येतो की आवाज," डॉक्टर म्हणाला. "इतका स्वच्छ येतो, म्हणून तर..."

"येत नाही," हेडबाई म्हणाल्या. डॉक्टर चौथीत होता त्याच सुरात, आणि तोही चौथीतल्यासारखाच गप्प झाला. "माइक नऊ आजारी माणसांसाठी आहे. हजेरी घेण्यासाठी नाही. एखादा माणूस देवासमोर काय आवाजात बोलतो, ते त्या दोघांचं आहे. पाळकसाहेब विचारतील, इन्स्पेक्टर उत्तर देतील. माइक हलवा."

पाळकसाहेबांनी पहिल्यांदाच पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं. "मला मान्य आहे. त्या दिवशी ते जे म्हणतील तेवढं मी पुरे धरेन."

ठराव एकमताने झाला: माइक पहिल्या खांबाला लावावा. विश्वासाबद्दल वहीत एक अक्षर नाही. कमिटीला क्षमा करायची असली की ती अशी करते, फर्निचर हलवून.

पहिला खांब बाप्तिस्म्याच्या कुंडाला लागून आहे, ही गोष्ट सातांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही, असं मला तेव्हा वाटलं. धर्मपिता नेमका तिथेच उभा राहतो. आणि त्या खांबाला खेटून पहिल्या बाकावर, डाव्या टोकाला, गेली कित्येक वर्षं हेडबाई बसतात. उजव्या टोकाच्या दाराने त्यांची धाकटी बहीण ये-जा करते. दोघींमध्ये आईच्या शिलाई मशीनवरून काहीतरी झालं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली. मंडळीने त्याची इतकी सवय करून घेतली आहे की नव्या माणसाला आम्ही सांगतो, एक दार थोरलीचं, एक धाकटीचं.

निघताना हेडबाईंनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. चिकटवलेलं. "इन्स्पेक्टरांना दे. आणि उघडू नकोस. तुला पेपर आधी बघायची खोड होती."

मामाने पाकीट उघडलं, चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग एका ओळीवर परत गेला. मी मान लांब केली.

"काय लिहिलंय?"

"तपासणी अहवाल गोपनीय असतो."

"मामा!"

"सही केलीय. शाईने." त्याने कागद घडी करून गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. "माइक हलवायचं कुणी सुचवलं म्हणालास?"

"हेडबाईंनीच."

"कुठे लावायचा?"

"पहिल्या खांबाला. त्यांच्या डोक्यावर."

मामा हसला. मामा हसतो तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. बराच वेळ हलत होते. मग डोळे पुसून म्हणाला, "बाईंना जागेचं बरोबर कळतं. आयुष्यभर परीक्षेला मुलं बसवली त्यांनी."

रविवारी बाळाचं वजन सहा किलो चारशे भरलं. मर्यादेच्या आत. मामाने बत्तीस वर्षांपूर्वीचाच कोट घातला होता. बटणं लागत नव्हती, पण तो म्हणाला की त्या कोटाचं एक काम राहिलंय. मी नोंदवही घेऊन कुंडाशेजारी उभा होतो, त्यामुळे सगळं हाताच्या अंतरावरून बघितलं. त्याने बाळाला घेतलं. मान धरली, छान धरली. आणि मंडळीकडे तोंड करून सुरुवात केली.

'अधोलोकात उतरला' आलं तेव्हा असा दणका दिला की बाळ दचकलं आणि त्याला उचकी लागली. 'तिसऱ्या दिवशी उठला', तेही ठणठणीत. त्या खड्ड्यात जो बसला होता तो मेलेला नव्हता, हे मामाने पूर्वीच तपासलं होतं. मग ती जागा जवळ आली. आणि मामी, जी चोवीस तास माझ्या मामाच्या वाटचं बोलते ती मामी, एकदम थांबली. मी तिला असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. मामाने पहिल्या बाकाकडे एकदा बघितलं.

"पवित्र सार्वत्रिक मंडळी," तो म्हणाला. हळू. पुटपुटल्यासारखं. पण म्हणाला.

बंदमधून ती ओळ 'तपासता आले नाही'मध्ये आली होती. सोळा वर्षांतली एवढी प्रगती आमच्या कमिटीच्या नावावर दुसरी नाही.

पाळकसाहेबांनी पाणी लावलं. बाळाने उचकी दिली, ती आम्ही 'आमेन' धरली. उपासना संपल्यावर मामी म्हणाली, "द्या आता तिला, हात अवघडले असतील."

"नाही अवघडले," मामा म्हणाला.

"अहो, तिच्या आईकडे तरी द्या. भूक लागली असेल."

"अर्ध्या तासात देतो."

मामीने त्याच्याकडे बघितलं. मग हसून कोटाची बाही सारखी केली आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

सोमवारी डॉक्टरने मला दवाखान्यात बोलावलं. मला वाटलं दाताचं काहीतरी निघालं. त्याने खुर्चीत बसवलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. मामाचा आवाज, उचकी, मग ती हळू म्हटलेली ओळ, अगदी जवळून. आणि त्याहून जवळून हेडबाईंचा आवाज, शुद्धलेखन घातल्यासारखा, प्रत्येक अक्षर सुटं. 'पवित्र जनांची संगती', आणि मग 'पापांची क्षमा' यायला हवी होती तिथे नुसता बाक करकरला. एक श्वास घेतल्याचा आवाज. मग 'देहाचे पुनरुत्थान'पासून पुन्हा शुद्धलेखन.

मला ते शिलाई मशीन आठवलं. मी हेडफोन काढले. डॉक्टर माझ्याकडे बघत होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं. बैठक लावायची का?"

तो हातातला छोटा आरसा उगाच पुसत बसला. "पेशंट येतात ना, एखाद्या जागी नुसता वारा लागला तरी कळवळतात. म्हणतात, काढून टाका. मी सांगतो, दुखतंय म्हणजे मूळ जिवंत आहे. असला दात मी काढत नाही." मग त्याने बाकाची करकर तेवढी कापली, श्वास तसाच ठेवला, आणि नऊ घरांच्या नऊ प्रती केल्या.

मी वहीत लिहिलं: 'माइक नव्या जागी समाधानकारक चालतो. आहे तिथेच ठेवावा.'